‘मॉर्टल कॉम्बॅट’ पुन्हा पाहताना

१९९५ साली आलेला ‘मॉर्टल कॉम्बॅट’ हा मारधाडपट लहानपणी पाहिलेल्यांना आज त्यातली आरोळी आणि टेक्नो संगीताचा दणका एवढेच बहुधा आठवते. कथा ठाऊक असल्यामुळे दुसऱ्या खेपेला सगळे लक्ष लढणाऱ्यांच्या शरीराकडे देता येते, आणि माझ्या मते या चित्रपटाची खरी कमाई तिथेच आहे.

चित्रपट लावण्याआधी एड बून आणि जॉन टोबायस यांनी मिडवे कंपनीसाठी घडवलेला १९९२ चा मूळ व्हिडिओ गेम अर्धा तास खेळावा, किंवा निदान कोणी खेळत असताना शेजारी बसून पाहावा. त्यातली पात्रे खऱ्या माणसांच्या चित्रीकरणातून तयार केलेली आहेत आणि दोन्ही लढवय्ये सतत बाजूने, समोरासमोर दिसतात. ही चौकट एकदा डोळ्यांत बसली, की दिग्दर्शक पॉल डब्ल्यू. एस. अँडरसन यांनी खेळातून काय उचलले, हे आपोआप ध्यानात येऊ लागते. जॉनी केज हा लढवय्या पाय फाकवून जमिनीवर बसतो आणि गोरो या चार हातांच्या राक्षसाला वर्मी ठोसा मारतो, तो डाव थेट खेळातला आहे. अंगावर येणारा रक्तपात मात्र चित्रपटात नाही, कारण तो अमेरिकेत पीजी-१३ (तेरा वर्षांखालील मुलांच्या पालकांना सावध करणाऱ्या) प्रमाणपत्रासह प्रदर्शित झाला.

चित्रपट मूळ इंग्रजी आवाजातच पाहावा. खेळात स्कॉर्पियन या पात्राला स्वतः बून यांनी दिलेला आवाजच चित्रपटातही ऐकू येतो आणि डबिंगमध्ये नेमका तोच हरवतो. बाहेरच्या दृश्यांत मागे दिसणारे विटांचे उंच भग्न मनोरे थायलंडमधील अयुथ्या येथील खऱ्या मंदिरांचे आहेत. तिथे घाईने पुढे जाऊ नये, कारण स्टुडिओतल्या गुहांपेक्षा हा उजेड किती वेगळा आहे, हे त्याच वेळी कळते.

आता मुख्य काम. पहिल्यांदा चित्रपट सलग पाहावा. तो जेमतेम १०१ मिनिटांचा आहे. मग नायक ल्यू कँग आणि त्याचा प्रतिस्पर्धी रेप्टाइल यांची लढत पुन्हा लावावी, आवाज बंद करावा आणि वेग निम्मा करावा. चाचणी प्रेक्षकांना मारामारी कमी वाटल्यामुळे ही लढत नंतर वाढवण्यात आली आणि तिची आखणी ल्यू कँगची भूमिका करणाऱ्या रॉबिन शू यांनी स्वतः केली. हाँगकाँगच्या मारधाडपटांत घडलेला हा कलावंत आहे. रेप्टाइलच्या पोशाखात कीथ कुक आहेत, तेही कसलेले मार्शल आर्टपटू. हात न पाहता पाय पाहावेत: लाथ सुटण्याआधी टेकलेल्या पायाची टाच कशी वळते, आघात झाल्यावर समोरच्याचा तोल आधी कमरेतून जातो की खांद्यातून, आणि एका कटपासून दुसऱ्या कटपर्यंत किती डाव सलग होतात, हे मोजावे. त्यानंतर लगेच सोनिया आणि कॅनोची झुंज लावली, तर कॅमेरा कुठे लढणाऱ्यावर विसंबतो आणि कुठे त्याला सावरून घेतो, हा फरक स्पष्ट दिसतो.

सब-झिरो या सारे गोठवून टाकणाऱ्या लढवय्याचा शेवटही एकदा थांबवून पाहण्याजोगा आहे. किटानाने दिलेल्या सूचनेवरून ल्यू कँग बादलीभर पाणी फेकतो आणि ते सब-झिरोच्याच थंडीने गोठून त्याच्या शरीरात घुसते. एवढी साधी, पण पक्की कल्पना आजही मला आनंद देते.

रेप्टाइलचे संगणकावर बनवलेले सरड्याचे रूप मात्र आज फारच कच्चे वाटते. त्यावर वेळ घालवू नये. गोरोची गोष्ट निराळी आहे. त्या अवजड पोशाखाच्या आत टॉम वुड्रफ होते आणि चेहऱ्याची हालचाल बाहेरून यंत्राने केली जात होती. म्हणून त्याचे ओठ आणि भुवया जवळून पाहाव्यात. त्या थोड्या उशिराने हलतात, तरीही समोरच्या नटाची नजर प्रत्यक्ष वस्तूवर खिळलेली असल्यामुळे भीती खरी वाटते.

१९९७ चा पुढचा भाग त्याच संध्याकाळी लावू नये. त्याऐवजी रेप्टाइलची लढत शेवटी एकदा पूर्ण वेगात आणि आवाज चढवून पाहावी.