दाढ भरून घेण्याआधी: फिलिंगचं बिल आणि क्लेम

ऐरोलीतल्या एका दातांच्या दवाखान्यात मी काउंटर सांभाळते. अपॉइंटमेंट, बिलं आणि क्लेमची कागदपत्रं हे माझं काम. माइंडस्पेसमधल्या कंपन्यांतली मुलंमुली आमच्याकडे येतात, तशी रबाळे-महापे एमआयडीसीतल्या कारखान्यांतली माणसंही येतात. दोघांचा प्रश्न एकच असतो: "मॅडम, मेडिक्लेम आहे, सिमेंट भरायचे पैसे मिळतील ना?" बहुतेक जण तो विचारतात दाढ भरून झाल्यावर, पैसे देताना. तेव्हा फार उशीर झालेला असतो. डॉक्टरांनी दात कोरला की कीड गेली, आणि कीड होती याचा पुरावाही गेला. म्हणून हे सगळं खुर्चीत बसण्याआधी वाचा.

साध्या मेडिक्लेममध्ये फिलिंगचे पैसे सहसा मिळत नाहीत. ती पॉलिसी ॲडमिट होण्याभोवती बेतलेली असते आणि दाढ भरणं अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे. अपघातात जबडा-दात दुखावले आणि ॲडमिट व्हावं लागलं, तर बऱ्याच पॉलिसी दातांचा खर्च देतात. २०२० मध्ये आलेल्या 'आरोग्य संजीवनी' या पॉलिसीत 'आजार किंवा इजेमुळे करावे लागलेले दंतोपचार' असे शब्द आहेत आणि ते वाचून लोक आनंदाने येतात. पण ते कलम हॉस्पिटलात दाखल झाल्यावरच्या खर्चाखाली आहे. त्यावर साधं फिलिंग बसत नाही, हे मी आधीच सांगून टाकते. माणसाने आशेवर खर्च करू नये.

पैसे मिळण्याची खरी शक्यता असते ती कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत ओपीडी (ॲडमिट न होता घेतलेले उपचार) किंवा डेंटलचा लाभ असेल तर, किंवा स्वतःच्या पॉलिसीला ओपीडीची जोड घेतली असेल तर. ईएसआयचं (कामगारांच्या राज्य विमा योजनेचं) कार्ड असेल तर आधी तुमच्या नेमलेल्या ईएसआय दवाखान्यात जा आणि दातांच्या विभागाची चिठ्ठी घ्या. परस्पर खाजगीत दाढ भरून नंतर बिल पाठवलं, तर ते सहसा मंजूर होत नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी सीजीएचएस या सरकारी आरोग्य योजनेचे दातांचे दर ठरलेले आहेत, त्यांनी यादीतला दवाखाना गाठावा.

ग्रुप पॉलिसीवाल्यांनी एचआरला फोन न करता ईमेल करावा, म्हणजे उत्तर लेखी राहतं. 'डेंटल कव्हर आहे का?' एवढंच विचारलंत तर 'हो' एवढंच उत्तर येईल. विचारायचं असं: डेंटलसाठी वर्षाला किती रुपयांची मर्यादा आहे, आणि ती माणशी आहे की कुटुंबाला मिळून? कीड लागल्यामुळे केलेलं फिलिंग त्यात येतं का? सुरुवातीला क्लेम मिळत नाही असा थांबण्याचा काळ आहे का? दवाखाना त्यांच्या यादीतलाच लागतो का? उपचारानंतर किती दिवसांत कागद पाठवायचे? आणि माझा हिस्सा किती? हा शेवटचा प्रश्न लोक विसरतात. समजा बिल ४,८०० रुपयांचं झालं: तीन फिलिंगचे ४,५०० आणि एक्स-रेचे ३००. मर्यादा ५,००० असली तरी तुमचा हिस्सा २० टक्के असेल, तर ९६० रुपये तुमचे आणि ३,८४० विमा कंपनीचे.

आता बिल. क्लेम अडकतात ते बहुतेक इथेच.

'डेंटल ट्रीटमेंट – ४,८००' अशा एका ओळीचं बिल घेऊन घरी जाऊ नका. बिलावर दाताचा क्रमांक हवा. तोंडाचे चार भाग धरतात: वरचा उजवा १, वरचा डावा २, खालचा डावा ३, खालचा उजवा ४. प्रत्येक भागात समोरच्या मधल्या दातापासून मागे १ ते ८ मोजायचं. म्हणजे ३६ ही खालची डावी पहिली मोठी दाढ. दुधाच्या दातांना भाग ५ ते ८ असतात, त्यामुळे मुलाच्या बिलावर ७५ दिसलं तर ती चूक नाही. क्रमांकापुढे कोणतं सिमेंट भरलं ते यावं, म्हणजे कंपोझिट की ग्लास आयोनोमर, आणि प्रत्येक दाताचे पैसे वेगळे. डॉक्टरांच्या कागदावर निदान असावं: 'दंतक्षय', आणि शक्य असेल तर त्याचा आयसीडी (आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतला) कोड के०२. निदान नसेल तर तपासणाऱ्याला ते फिलिंग छान दिसण्यासाठी केलेलं वाटू शकतं, आणि कॉस्मेटिक म्हटलं की क्लेम गेला. समोरच्या दातांच्या फिलिंगला हे फार जपा.

दाढ कोरण्याआधीचा एक्स-रे मागून घ्या. दोन दाढांच्या मधली कीड नुसत्या डोळ्यांना बऱ्याचदा दिसत नाही, एक्स-रेत दिसते. वरून दिसणारी कीड असेल तर डॉक्टरांना फोटो काढायला सांगा. दोन्हींवर नाव आणि तारीख पाहिजे. आमचे डॉक्टर यासाठी कधीच नाही म्हणत नाहीत, तुमचेही म्हणणार नाहीत, फक्त आधी बोला.

नावाचा घोळ आमच्याकडे सर्वांत जास्त लग्न झालेल्या मुलींच्या बाबतीत होतो. पॉलिसीत माहेरचं आडनाव, आधारवर सासरचं, आणि अपॉइंटमेंट नवऱ्याने घेतलेली म्हणून बिल तिसऱ्याच नावाने. पॉलिसीच्या ई-कार्डवर जसं नाव आहे, अक्षरन् अक्षर तसंच बिलावर घ्यायला सांगा. मी स्वतः ई-कार्डचा स्क्रीनशॉट मागूनच बिल करते.

बिलावर डॉक्टरांची सही, शिक्का आणि महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक लागतो. पैसे शक्यतो यूपीआयने किंवा कार्डाने द्या. पाच हजारांवरची रोख पावती असेल तर एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प. किडीच्या उपचारावर जीएसटी लागत नाही, तो लावलेला दिसला तर तिथेच विचारा.

तारीख मागे-पुढे करा, नवऱ्याचं काम बायकोच्या नावावर टाका, असं कोणी सांगितलं तर मी सरळ नकार देते. ती फसवणूक आहे. ती उघडी पडली की पॉलिसी जाते आणि नोकरीवरही येतं.

कधीकधी फिलिंगसाठी गेलेल्या माणसाची कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचलेली निघते आणि आरसीटी (रूट कॅनाल) करावी लागते. तेव्हा निदान बदलतं, रक्कम वाढते, सिटिंग वाढतात. नवीन निदानाचा कागद आणि नवीन एस्टिमेट घ्या, आणि प्रत्येक सिटिंगची तारीख बिलावर येऊ द्या. पूर्वपरवानगी लागणारी पॉलिसी असेल तर ती पुन्हा घ्या.

काहीच कव्हर नसेल, तर दुखेपर्यंत थांबू नका. नवी मुंबईत दंत महाविद्यालयं भरपूर आहेत: नेरुळला डी. वाय. पाटील आणि तेरणा, बेलापूरला भारती विद्यापीठ, खारघरला वायएमटी, कामोठ्याला एमजीएम. विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त लागतो, पण खर्च खाजगीपेक्षा बराच कमी येतो. साठीच्या पुढच्या आईवडिलांचा आरोग्यविमाच नसेल, तर जुन्या करपद्धतीत त्यांच्या औषधोपचाराच्या खर्चावर ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. दाढेचं बिलही त्यात धरता येतं, फक्त पैसे रोखीने दिलेले नसावेत.

क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा आणि पॉलिसीतलं नेमकं कलम विचारा. बऱ्याचदा कमी असतो तो एखादा कागदच, तो जोडून पुन्हा पाठवता येतो. तरीही अन्याय वाटला तर विमा कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्यांकडे जा. ठाणे, नवी मुंबई, रायगड, पालघरसाठी त्यांचं कार्यालय ठाणे पश्चिमेला वसंतराव नाईक महामार्गावर जीवन चिंतामणी इमारतीत आहे. कंपनीने नाकारल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करायचा. फी नाही, वकील लागत नाही. सोबत नकाराचं पत्र, तुमची तक्रार, पॉलिसीची प्रत, बिल आणि तो दाढ कोरण्याआधीचा एक्स-रे जोडा.