रोमन युद्धवर्णनांतील ‘सिग्नुम’ कसा वाचावा

लॅटिन युद्धवर्णने वाचू लागलेल्याला ‘सिग्नुम’ हा शब्द पानोपानी भेटतो, आणि सर्वत्र ‘निशाण’ हा एकच अर्थ लावला की वर्णन लवकरच अडखळते. नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात वही घेऊन बसल्यावर मला जी पद्धत उपयोगी पडली, ती अशी.

रोमन सेनापती सीझरने गॉलमधील (आजच्या फ्रान्सच्या परिसरातील) आपल्या मोहिमांवर लिहिलेल्या ‘गॉलयुद्धा’चा दुसरा खंड घ्यावा. इ. स. पू. ५७ मध्ये साबिस नदीकाठी नर्व्ही या गॉलमधील टोळीच्या लोकांनी सीझरच्या सैन्यावर अचानक हल्ला केला, त्या लढाईची २० ते २६ ही प्रकरणे उतरवून प्रत्येक ‘सिग्नुम’खाली रेघ ओढावी आणि त्याच्याशी जोडलेले क्रियापद वहीच्या समासात लिहावे. क्रियापद ‘देणे’ असेल, तर तो इशारा असतो. तुतारीने दिलेला किंवा लढाई सुरू करण्याचा. ‘पुढे नेणे’ असेल तर चढाई, ‘वळवणे’ असेल तर तोंड फिरवणे. कुंभमेळ्यात आखाड्याचे निशाण हलले की मागचा सारा जथा हलतो, हे पाहिलेल्या नाशिककराला निशाणाची हालचाल म्हणजेच सैन्याची हालचाल, हे वेगळे सांगावे लागत नाही. म्हणून मराठीत ‘निशाणे पुढे नेली’ असे न लिहिता ‘चढाई केली’ असेच लिहावे, असे माझे मत आहे.

पंचविसाव्या प्रकरणात मात्र थांबावे. बाराव्या लीजनच्या (रोमन सैन्याच्या मोठ्या दलाच्या) चौथ्या तुकडीचे सर्व सेंच्युरियन, म्हणजे तुकडीनायक, पडले आहेत, निशाणधारक मारला गेला आहे आणि निशाण हरवले आहे. इथे ते खरेखुरे, हातात धरायचे निशाण आहे. त्याच प्रकरणात निशाणे ‘एकत्र आणली’ आहेत, म्हणजे सैनिक इतके दाटले आहेत की त्यांना शस्त्र चालवायला जागा उरलेली नाही, आणि म्हणूनच सीझर मागच्या सैनिकाची ढाल घेऊन पुढे होतो व निशाणे पुढे नेऊन रांगा मोकळ्या करण्याची आज्ञा देतो. रोमन इतिहासकार लिव्हीमध्ये निशाणे ‘एकत्र आणणे’ हे जवळजवळ हेच शब्द समोरासमोरच्या लढाईसाठी येतात. तेव्हा क्रियापदाबरोबर हेही तपासावे, की एकत्र आली ती एकाच पक्षाची निशाणे की दोन्ही पक्षांची.

लिव्हीच्या पंचविसाव्या खंडात, सिसिलीतील सिराक्यूज हे शहर पडल्यावर रोमन सेनापती मार्सेलस रोमला जी ‘सिग्ना’ (‘सिग्नुम’चे अनेकवचन) नेतो, ते पुतळे आहेत. अशा ठिकाणी क्रियापदाच्याही आधी, लढाई संपून लूट सुरू झाली आहे का, हे पाहावे.