कापसाच्या वाटेने वंशभेदाचा इतिहास : अभ्यासवर्ग कसा घ्यावा

साम्राज्य, गुलामगिरी आणि आजचा वंशभेद या विषयावर नागपुरात अभ्यासवर्ग घ्यायचा असल्यास सुरुवात कापसापासून करावी. तो इथल्या श्रोत्यांना समजावून सांगावा लागत नाही. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) गुलामांच्या श्रमावर पिकलेला कापूस इंग्लंडमधील कापडगिरण्यांच्या मँचेस्टर शहराला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाची मागणी एकाएकी वाढली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. पुढे १ जानेवारी १८७७ रोजी, राणी व्हिक्टोरियाला भारताची सम्राज्ञी घोषित केले त्याच दिवशी, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल येथे सुरू झाली.

यावर पंधरा मिनिटांहून अधिक वेळ घालवू नये. मुख्य वेळ कायद्यांना द्यावा. गोऱ्यांना काळ्यांचा तिटकारा होता म्हणून गुलामगिरी आली, असे बहुतेक जण गृहीत धरतात. क्रम बराचसा उलटा होता, म्हणजे गुलामगिरी व तिचे कायदे आधी आणि तिटकारा नंतर, हे दाखवायला अमेरिकेतील एकटी व्हर्जिनिया ही इंग्रज वसाहत पुरते. तेथे १६६२ च्या कायद्याने अपत्याचा दर्जा आईवरून ठरू लागला, त्यामुळे मालकाला गुलाम स्त्रीपासून झालेले मूलही त्याचीच मालमत्ता ठरले. १६७६ मध्ये तेथील गव्हर्नरविरुद्ध झालेल्या बेकनच्या बंडात गोरे करारबद्ध नोकर आणि काळे गुलाम एका बाजूने लढले. १६९१ मध्ये काळ्यांशी विवाह करणाऱ्या गोऱ्यांना हद्दपारीची शिक्षा आली. व्हर्जिनियातील अशी विवाहबंदी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली ती १९६७ साली. मधली वर्षे श्रोत्यांनाच मोजायला सांगावीत.

त्यानंतर पैशाकडे वळावे. १८३३ च्या कायद्याने गुलामगिरी संपवताना ब्रिटनने २ कोटी पौंडांची भरपाई मालकांना दिली, गुलामांना नव्हे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने या मालकांच्या नोंदी जालावर खुल्या केल्या आहेत. दोन-तीन नोंदी मोबाईलवर सर्वांसमक्ष उघडून वाचाव्यात. गुलामांच्या जागी या मळ्यांवर पुढे भारतातून गिरमिटिया (करारबद्ध) मजूर नेले गेले, आणि कॅरिबियन भागातील गयाना व त्रिनिदादच्या राजकारणात आफ्रिकी व भारतीय वंशीयांमध्ये आजही दिसणाऱ्या तेढीचे एक मूळ तेथे आहे.

दीक्षाभूमीच्या या शहरात जातीचा प्रश्न निघणारच, आणि तो टाळणे हा भित्रेपणा ठरेल. मात्र जात म्हणजेच वंशभेद असे समीकरण मांडून मोकळे होऊ नये. डॉ. आंबेडकरांनी गुलामगिरी व अस्पृश्यता यांची तुलना करताना भेदही काटेकोरपणे दाखवले, आणि १९४६ मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्रही लिहिले. त्या तुलनेसाठी शेवटचा अर्धा तास राखून ठेवावा, आणि त्या वेळी संचालकाने कमीत कमी बोलावे.