‘गहजब’ या शब्दाचे मूळ कसे शोधावे

शब्दाचे मूळ शोधताना कोश उघडण्याआधी तो शब्द कोण कोणाविषयी वापरतो हे पाहावे. नळाला पाणी येत नाही म्हणून कोल्हापूरच्या महापालिकेवर घागरी घेऊन मोर्चा नेणाऱ्या स्त्रिया आपल्या ओरडीला सहसा गहजब म्हणत नाहीत. ‘एवढ्याशा गोष्टीचा केवढा गहजब’ हे वाक्य ती ओरड ज्याला नकोशी असते त्याच्या तोंडी येते. म्हणजे या शब्दात गोंगाटाबरोबर अतिरेकाचा आरोपही आहे, आणि माझ्या मते ही छटा टिपल्याशिवाय पुढे जाऊ नये.

त्यानंतर कोशांकडे वळावे. जुन्या वापरासाठी मोल्सवर्थचा कोश (दुसरी आवृत्ती १८५७) पाहावा. फारसीतून आलेल्या शब्दांसाठी माधवराव पटवर्धनांचा फार्शी-मराठी कोश (१९२५) हाताशी असावा. माधव जूलियन या नावाने कविता लिहिणाऱ्या पटवर्धनांनी पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अध्यापन केले, याचा इथल्या वाचकाला अभिमान वाटावा. गहजबाचे मूळ अरबी ‘ग़ज़ब’, म्हणजे क्रोध, कोप.

हा शब्द मराठीत कोणत्या वाटेने आला, हे ध्वनीवरून पडताळता येते. मूळ अरबी शब्दातील मधले अक्षर ‘ज़ाद’ हे आहे. अरबीत त्याचा उच्चार जड ‘द’सारखा होतो, तर फारसीत ‘ज़’ असा. मराठीने ‘ज’ घेतला, यावरून तो फारसीमार्गे आला हे कळते. हजर, अर्ज, कर्ज, जप्ती, मर्जी, काजी या शब्दांतही हेच अक्षर आणि हाच ‘ज’ आहे. कचेरीतल्या एखाद्या जुन्या कागदावर हे शब्द ओळीने मांडून पाहिले, तर हा नियम कायमचा लक्षात राहतो.

शेवटी अर्थ कसा सरकला ते पाहावे. हिंदीत ‘गजब’ आश्चर्याकडे झुकला. मराठीत ‘गहजब’ मात्र कोपातून उठणाऱ्या आरडाओरड्यावर स्थिरावला. जवळच्या शब्दांशी तुलना केली की सीमा स्पष्ट होतात. हलकल्लोळातला ‘कल्लोळ’ संस्कृत ‘कल्लोल’वरून, म्हणजे मोठ्या लाटेवरून आलेला आहे; हाहाकारात ‘हा हा’ हा शोकाचा उद्गार आहे. २०१९मध्ये पंचगंगेच्या महापुराने हाहाकार माजवला असेच लिहावे. तेथे गहजब लिहिले, तर बुडालेल्या घरांतल्या माणसांवर कांगाव्याचा आळ येतो.