कोल्हापुरातून जागतिक घडामोडींचे त्रैमासिक कसे चालवावे

स्वतंत्र वैचारिक नियतकालिक काढायचे म्हटले की सल्ला देणाऱ्यांची वाण पडत नाही, आणि त्यांतले निम्मे सल्ले नाव, मुखपृष्ठ आणि प्रकाशन समारंभाचा पाहुणा या तीन गोष्टींभोवती फिरत असतात. या तिन्ही गोष्टी एका संध्याकाळी ठरतात. कोणत्याही विद्यापीठाचे, पक्षाचे किंवा वृत्तसमूहाचे अंग नसलेले, आंतरराष्ट्रीय राजकारण आणि समाजशास्त्रीय अभ्यास यांना वाहिलेले मराठी नियतकालिक त्यानंतर वर्षानुवर्षे वेळेवर कसे निघावे, एवढाच या लेखाचा विषय आहे. हाताशी चार-पाच लिहिते अभ्यासक, एक विश्वासू मुद्रक आणि निदान दोन वर्षांच्या छपाईची तजवीज आहे, हे मी गृहीत धरतो.

अंक त्रैमासिकच असावा. टपालाची सवलत एकतीस दिवसांच्या आत निघणाऱ्या नोंदणीकृत वृत्तपत्रांसाठी असल्याने ‘मासिक काढा, पोस्टेज वाचेल’ असे सांगणारे हमखास भेटतात. पोस्टेज वाचेल, पण नोकरी सांभाळून काम करणारे संपादक सहा महिन्यांत गळून पडतील, आणि अंकात रोजच्या वर्तमानपत्राचीच शिळी आवृत्ती उरेल.

नोंदणीचे काम आता सोपे आहे. १८६७ चा कायदा जाऊन १ मार्च २०२४ पासून प्रेस अँड रजिस्ट्रेशन ऑफ पिरिऑडिकल्स ॲक्ट, २०२३ लागू झाला आहे आणि शीर्षक व नोंदणी यांचा अर्ज प्रेस सेवा पोर्टलवर एकत्रच करता येतो, त्यामुळे घोषणापत्रासाठी हेलपाटे कसे घालावेत हे सांगणारे जुने मार्गदर्शन बाजूला ठेवावे. या कायद्यातील नियतकालिकाच्या व्याख्येतून वैज्ञानिक, तांत्रिक आणि शैक्षणिक स्वरूपाची नियतकालिके वगळलेली आहेत. तेवढ्यावरून ‘आपण शोधनिबंध छापतो, आपल्याला नोंदणी कशाला’ असा सोयीचा अर्थ काढू नये. युद्धे, निवडणुका आणि व्यापारकरार यांवर लिहिणारा अंक सार्वजनिक बातम्यांवर भाष्य करत असतो आणि तशाच प्रकाशनांसाठी हा कायदा आहे. आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाची ओळख पटवणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक, दिल्लीतील राष्ट्रीय केंद्राकडून विनामूल्य मिळतो. छापील आणि ऑनलाइन आवृत्तीसाठी तो वेगवेगळा घ्यावा लागतो. तो मिळवून देतो म्हणून पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे.

पैशाबाबत दोनच गोष्टी सांगतो, कारण बाकीच्या ज्याला त्याला कळतात. विदेशी अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१० नुसार नोंदणीकृत वृत्तपत्राचे मालक, संपादक, मुद्रक, प्रकाशक आणि स्तंभलेखक यांना विदेशी अंशदान, म्हणजे परदेशी व्यक्ती वा संस्थांची देणगी, घेता येत नाही. अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेला आपला वर्गमित्र कितीही आग्रहाने रक्कम पाठवत असला तरी ती घेऊ नये. भारतीय पारपत्र बाळगणाऱ्या अनिवासी भारतीयाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम या मनाईत येत नाही, पण ती घेतानाही कागद नीट ठेवावेत. दुसरी गोष्ट म्हणजे आजीव वर्गणी घेऊ नये. ती रक्कम पहिल्या दोन वर्षांत कागदवाल्याकडे जाते आणि अंक पाठवण्याची बांधिलकी मात्र वर्गणीदाराच्या हयातीपर्यंत राहते. फार तर तीन वर्षांची वर्गणी घ्यावी.

आता खऱ्या कामाकडे येतो. लेख हाती आल्यापासून तो छपाईला जाईपर्यंतचा जो टप्पा आहे, त्यात चांगली चांगली नियतकालिके बुडतात, आणि मलाही बरीच वर्षे हाच टप्पा जड गेला. आपल्याकडे संपादन म्हणजे ऱ्हस्वदीर्घ सुधारणे असा समज आहे. जागतिक घडामोडींवरील मराठी लेखाचा दोष बहुधा शुद्धलेखनात नसतो. लेखकाने मूळ दस्तऐवज न पाहता बातमीवरून, आणि तीही बातमीच्या सारांशावरून लिहिलेले असते, हा खरा दोष असतो. भाषा सफाईदार असली की तो झाकला जातो, म्हणून सफाईदार लेख अधिक संशयाने वाचावा.

यासाठी मी एक पद्धत वापरतो आणि सोबत काम करणाऱ्यांनाही तिची सक्ती करतो. लेखाची कागदी प्रत काढावी, रुंद समास सोडावा आणि ज्या ज्या वाक्यात तारीख, आकडा, ठराव, करार किंवा कोणाचे म्हणणे आहे, त्याच्यासमोर पेन्सिलीने एक अक्षर लिहावे. लेखकाने मूळ दस्तऐवज पाहिला असेल तर ‘म’, बातमीवरून घेतले असेल तर ‘ब’, आणि कोठून आले ते कळत नसेल तर ‘ऐ’, म्हणजे ऐकीव. पानभर ‘ब’ आणि ‘ऐ’ दिसू लागले की लेख पुढे नेऊ नये, मग लेखक कितीही नामवंत असो.

एक नमुना देतो. ‘हेगच्या न्यायालयाने पुतिन यांच्याविरुद्ध वॉरंट काढले आणि पुढे इस्रायललाही आदेश दिले’ असे वाक्य लेखांतून वारंवार येते. हेगमध्ये दोन वेगळी न्यायालये आहेत. पुतिन यांच्याविरुद्धचे १७ मार्च २०२३ चे वॉरंट आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचे आहे. ते रोम संविधी या आंतरराष्ट्रीय करारानुसार १ जुलै २००२ पासून अस्तित्वात आले, व्यक्तींवर खटले चालवते, संयुक्त राष्ट्रांचे अंग नाही, आणि भारत त्याचा सदस्य नाही. दक्षिण आफ्रिकेच्या अर्जावर २६ जानेवारी २०२४ रोजी इस्रायलला हंगामी आदेश देणारे आंतरराष्ट्रीय न्यायालय हे संयुक्त राष्ट्रांचे अंग असून राष्ट्राराष्ट्रांतील वाद ऐकते. हा भेद चुकला की ‘भारताने या न्यायालयाचा मान राखला पाहिजे’ हा लेखाचा निष्कर्षही लंगडा पडतो, कारण कोणत्या न्यायालयाबाबत भारताची बांधिलकी कितपत आहे हेच ठरलेले नसते. असा दोष मुद्रितशोधनात सापडत नाही.

‘संयुक्त राष्ट्रांनी रशियाचा निषेध केला’ हे वाक्यही असेच. २५ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनवरील आक्रमणाबाबतच्या सुरक्षा परिषदेतील ठरावाच्या मसुद्याच्या बाजूने ११ मते पडूनही रशियाच्या नकाराधिकाराने तो फेटाळला गेला. २ मार्चला आमसभेत १४१ विरुद्ध ५ मतांनी ठराव झाला, ३५ देश तटस्थ राहिले, आणि आमसभेचा असा ठराव बंधनकारक नसतो. भारत दोन्ही वेळा तटस्थ होता. ही माहिती संयुक्त राष्ट्रांच्या अभिलेखात घरबसल्या मिळते, तेव्हा ‘साधने उपलब्ध नव्हती’ ही सबब ऐकून घेऊ नये.

आकडे तपासताना परिमाण आणि वर्ष या दोन ठिकाणी बोट ठेवावे. एक बिलियन म्हणजे शंभर कोटी आणि एक ट्रिलियन म्हणजे एक लाख कोटी. रूपांतर करताना एक शून्य इकडचे तिकडे झाले की देशाचे संरक्षणखर्च दहापट होतात. भारताचे आर्थिक वर्ष १ एप्रिलला, अमेरिकेच्या संघीय सरकारचे १ ऑक्टोबरला सुरू होते, आणि साखरेचा हंगाम आपल्याकडे ऑक्टोबर ते सप्टेंबर मोजतात. ब्राझील आणि महाराष्ट्र यांच्या साखर उत्पादनाची तुलना करणाऱ्या लेखात कोणाचे वर्ष कोणते धरले आहे, हे विचारल्याशिवाय तक्ता छापू नये. आपल्या जिल्ह्यात तो तक्ता वाचणारे लोक कारखान्यात बसलेले आहेत आणि ते चूक सोडत नाहीत.

नकाशांबाबत तर हयगय नकोच. परदेशी संकेतस्थळांवरील नकाशांत जम्मू-काश्मीर आणि अरुणाचल प्रदेश यांच्या सीमा वेगळ्या दाखवलेल्या असतात, आणि भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणे हा १९६१ च्या फौजदारी कायदा सुधारणा अधिनियमानुसार सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. लेखकाने पाठवलेला नकाशा कधीही तसाच लावू नये. सर्वेक्षण विभागाच्या नकाशावरून नव्याने काढून घ्यावा.

यानंतर लेख परीक्षकांकडे पाठवावा. परीक्षक दोन असावेत: एक विषयाचा जाणकार, आणि दुसरा विषयाबाहेरचा पण चिकित्सक वाचक, मग तो वकील असो की निवृत्त मुख्याध्यापक. लेखकाचे नाव झाकण्याचा आपल्याकडे फारसा उपयोग होत नाही, कारण कोल्हापूर-सांगलीच्या वर्तुळात दुसऱ्या परिच्छेदापर्यंत लेखक ओळखू येतो; म्हणून पहिला परीक्षक नागपूर, नांदेड किंवा मुंबईचा शोधावा. परीक्षकाला गुण देण्याचा छापील तक्ता पाठवू नये. लेखातील मुख्य दावा कोणता, तो कोणत्या पुराव्यावर उभा आहे, आणि या विषयावरचे कोणते महत्त्वाचे लेखन लेखकाने पाहिलेले नाही, एवढेच तीन प्रश्न विचारावेत.

परीक्षकांचे म्हणणे लेखकाला कळवणे हे या टप्प्यातील सर्वांत नाजूक काम आहे आणि ते फोनवर कधीही करू नये. फोनवर ‘सर, थोडे बदल सुचवले आहेत’ असे आपण म्हणतो, सर ‘करा की तुम्हीच’ म्हणतात, आणि मग अंक निघाल्यावर ‘माझ्या लेखाची मोडतोड केली’ अशी तक्रार चारचौघांत ऐकू येते. एक पानाचे पत्र लिहावे, त्यात अनिवार्य बदल आणि सुचवलेले बदल वेगळे मांडावेत, उत्तराची तारीख द्यावी, आणि लेखकाच्या लेखी संमतीशिवाय स्वल्पविरामापलीकडे काही बदलू नये. अनिवार्य बदल मान्य नसतील तर लेख साभार परत करावा. ‘ते आपल्याच संस्थेतले आहेत’, ‘त्यांनी शंभर वर्गणीदार मिळवून दिले आहेत’ अशा शिफारशी येतील. एकदा त्या ऐकल्या की परीक्षणाला काही अर्थ राहत नाही आणि दूरचे परीक्षकही पुढच्या वेळी उत्तर देत नाहीत.

प्रसिद्धीसाठी लेखकाकडून शुल्क घेणेही याच कारणाने वर्ज्य समजावे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये केअर यादी, म्हणजे मान्यताप्राप्त संशोधन-नियतकालिकांची यादी, बंद केली तरी पदोन्नतीसाठी घाईने निबंध छापून हवे असलेल्यांचे फोन येतच असतात. प्रमाणपत्र मिळेल का, हाच त्यांचा पहिला प्रश्न असतो. नम्रपणे नाही म्हणावे.

छपाईला देण्यापूर्वी एक शेवटचे वाचन फक्त काळासाठी करावे. ‘सध्या’, ‘नुकतेच’, ‘येत्या महिन्यात’ हे शब्द जेथे जेथे असतील तेथे तारीख घालावी, कारण अंक वाचकाच्या हाती पडेपर्यंत सात-आठ आठवडे गेलेले असतात. तारीख घातल्यावर जो लेख कोसळतो तो बातमी होता. तो वर्तमानपत्राकडे पाठवावा.

विषयनिवडीबद्दल एक मत येथेच नोंदवतो. प्रत्येक जागतिक विषय जिल्ह्याशी जोडलाच पाहिजे हा सल्ला मला अर्धाच मान्य आहे. युरोपीय संघाची ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेली कार्बन सीमा यंत्रणा, म्हणजे आयात मालामागच्या कार्बन उत्सर्जनाचा हिशेब मागणारी व्यवस्था, लोखंड-पोलादाला लागू असल्याने उद्यमनगर आणि शिरोली या आपल्या औद्योगिक वसाहतींतील फौंड्रीवाल्यांशी, म्हणजे ओतकाम कारखानदारांशी, बोलून लिहिलेला लेख दिल्लीच्या कोणत्याही नियतकालिकापेक्षा आपण चांगला छापू शकतो, आणि जून २०२२ पासूनच्या साखर निर्यातीवरील निर्बंधांचेही तसेच आहे. पण एप्रिल २०२३ पासून सुदानमध्ये चाललेल्या युद्धाला कोल्हापूरचे निमित्त शोधत बसू नये. लेख पक्का असेल तर वाचक सुदानही वाचतो. संदर्भासाठी शिवाजी विद्यापीठाचे ग्रंथालय आणि १८५० पासूनचे करवीर नगर वाचन मंदिर गावातच आहे. लेखकांना तेथे पाठवावे.

मांडणी आणि छपाई मुद्रकावर सोडावी. पाने सोळाच्या पटीत ठेवली की फॉर्मा, म्हणजे एका तावावर छापला जाणारा पानांचा संच, वाया जात नाही. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेल्या मजकुरात रफार आणि जोडाक्षरे हमखास तुटतात, तेवढे प्रूफात स्वतः पाहावे.

अंक पाठवताना पाकिटावरील पत्त्यावर वर्गणी कोणत्या महिन्यात संपते ते छापावे. वर्गणी संपण्याच्या आधीच्या अंकात छापील स्मरणपत्र घालून भागत नाही. दोन ओळींची हाताने लिहिलेली चिठ्ठी घातली तर नूतनीकरण होते. परत आलेल्या प्रती गठ्ठ्यात टाकण्याआधी प्रत्येक पाकिटावरचा पोस्टमनचा शेरा वाचून वर्गणीदारांची यादी त्याच दिवशी दुरुस्त करावी.