मुल्हेर ते साल्हेर: तीन दिवसांची सॅक कशी भरायची, वाट कशी आखायची

नाशिककर सह्याद्री म्हटलं की हरिहर, ब्रह्मगिरी करतात आणि संध्याकाळी घरी. पण खरा डोंगर कळायला रात्री वर काढाव्या लागतात, आणि त्यासाठी नाशिक जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या बागलाणसारखा भाग नाही. मुल्हेर, मोरा, सालोटा, साल्हेर हे तिथले किल्ले. नोव्हेंबर ते जानेवारीत जा. पावसाळा संपल्या संपल्या गवत कमरेएवढं असतं आणि वाट दिसत नाही, फेब्रुवारी उलटला की पाणी आणि सावली दोन्ही कमी.

प्लॅन पाण्यावरून ठरवायचा, किलोमीटरवरून नाही. मुक्काम जिथे पाणी तिथेच. पहिल्या दिवशी सटाणा, ताहाराबाद करत मुल्हेर गावात उतरा, गडाच्या माचीवर (बालेकिल्ल्याखालच्या सपाटीवर) सोमेश्वर मंदिराशी मुक्काम, पाणी तिथेच. माचीवर झाडी दाट आहे आणि गुरांच्या वाटा खूप फुटतात, म्हणून अंधार पडायच्या आत पोचायचं. सकाळी जमलं तर शेजारचा मोरा करा, नाहीतर खाली उतरून गाडीने वाघांबे गाठा.

वाघांब्यातून साल्हेर-सालोटाच्या खिंडीत चढायचं. गावातला एखादा दादा सोबत घ्याच, पैसे आधी बोलून घ्या, कारण त्याला कुठलं टाकं (कातळात खोदलेला हौद) भरलंय आणि आग्या मोहोळ कुठे लागलंय हे माहीत असतं. सालोट्याला घसारा, म्हणजे पाय सरकणारी सुटी माती-दगड, आहे, कोरलेल्या पायऱ्या गुडघ्याएवढ्या उंच, तिथे पाठीवर सॅक नकोच. खिंडीत सॅक ठेवा पण एकजण राखणीला बसवा, माकडं चेन उघडतात. सालोटा झाला की साल्हेर, आणि रात्री गंगासागर तलावाजवळच्या गुहेत.

आता सॅक. दहा-बारा किलोच्या वर नेऊ नका. तळाला स्लीपिंग बॅग, मधे पाठीला चिकटून तांदूळ-डाळ आणि पाणी, म्हणजे वजन मागे ओढत नाही, वर जॅकेट, आणि हेडटॉर्च अशी ठेवा की न बघता हाताला लागेल. सगळं आधी एका मोठ्या प्लॅस्टिक पिशवीत. पाणी प्रत्येकी तीन लिटर पाठीवर हवंच, टाक्यातलं पाणी फडक्याने गाळून उकळूनच प्यायचं. जेवण साधं ठेवा, खिचडी, पापड, ठेचा, आणि चालताना गूळ-शेंगदाणे. कॅनच्या कॅन भरून सूप नेणारे असतात, कशाला?

थंडीला कमी लेखू नका. साल्हेर १५६७ मीटर, कळसूबाईनंतर महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर, डिसेंबरात पहाटे वारा अंगातून जातो, कानटोपी आणि कोरडे मोजे झोपायच्या आधी घाला. मोहोळाखाली शेकोटी नाही, सेंट नाही, आरडाओरडा नाही.

पहाटे परशुराम मंदिरापर्यंत चढून या आणि साल्हेरवाडीच्या बाजूने दरवाजे बघत उतरा. परतीची एसटी कधी आहे ते जातानाच गावात विचारून ठेवा, आणि वेफर्सची रिकामी पाकिटं सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात, खाली सटाण्यात टाकायला.