रॅटच्या महाधमनीची स्लाइड, तेबी आपल्या इकडच्या उन्हाळ्यात

झूलॉजीवाल्या पोरापोरींनो, मे महिन्यात पारा ४५ ला टेकला की पॅराफिनचा ब्लॉक (तुकडा बसवलेली मेणाची वडी) मऊ पडते अन् सेक्शन (पातळ काप) चुरगळते, म्हणून कापायच्या आधी ब्लॉक १०-१५ मिनिटं बर्फावर ठेवा, लॅबचा फ्रिज बंद असन तर रसवंतीवाल्याकडून बर्फ आणा, आम्ही तेच केलं.

महाधमनीचा तुकडा आधी १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये २४ तास मुरलेला पाहिजे. ब्लॉकमध्ये नळी उभी बसवा, आडवी पडली तर गोल रिंग भेटतच नाही. सेक्शन ५ मायक्रॉनचा.

आता पोकळीपासून बाहेर पाहत या. पहिली इंटिमा, पेशींची एकेरी पातळ किनार, धसमुसळेपणा केला की निघूनच जाते. मग मीडिया म्हणजे मधला थर, खरी मजा इथंच, इलास्टिकच्या पट्ट्या एकामागं एक अन् मधात स्नायूपेशी. पट्ट्या नागमोडी कायले? जिवंतपणी रक्ताच्या दाबानं ताणून असतात, दाब गेला की सैल पडतात, लुगड्याच्या निऱ्यांसारख्या. एच अँड ई (नेहमीचा स्टेन) मध्ये पट्ट्या अन् स्नायू दोन्ही गुलाबीच दिसतात, पट्ट्या मोजायच्या असन तर वेरहॉफ स्टेन (इलास्टिक रंगवणारा) करा, रेघा काळ्याभोर येतात. माऊसच्या छातीतल्या महाधमनीत साधारण ५ थर भरतात, माणसात ५० च्या वर.

फक्त वेरहॉफचा जास्तीचा रंग काढाले स्लाइड फेरिक क्लोराइडमध्ये टाकून चहाले जाऊ नका, मी गेलो होतो, आलो तं रेघा गायब! दर थोड्या सेकंदांनी काढून मायक्रोस्कोपखाली पाहा. सगळ्यात बाहेर अ‍ॅडव्हेंटिशिया, कोलॅजनची (चिवट प्रथिनाच्या धाग्यांची), व्हॅन गिसन स्टेननं लाल होते.